अग्निपक्ष्याचें भरतकाम व पुनरुत्थानाची आशा

गेल्या पुनरुत्थानाच्या सणापूर्वीं तीन आठवडे शिरूर तालुक्यांतील एका लहान मंडळीकडे आमचें जाणें झालें. उपासना संपल्यावर तेथील सुवार्तिकबंधूंनीं आम्हांस बाजूस नेलें व एक पांढरें सुती कापड उलगडून आमच्यापुढें ठेविलें. प्रभूच्या मेजावर घालण्यासाठीं मंडळींतील एका विधवा भगिनीनें तें भरावयास घेतलें होतें. पुढें लोंबणाऱ्या भागाच्या मध्यावर एक पक्षी होता. पंख वर पसरलेले, चोंच आकाशाकडे, आणि पायांखालीं तांबड्या-पिवळ्या ज्वाळा. काम अर्धेंच झालें होतें, तरी हात कसलेला आहे हें पाहतांच कळत होतें.

सुवार्तिकांची अडचण अशी होती. मंडळींतील एक वडील म्हणत, हा गरुड आहे, आणि गरुड तर विष्णूचें वाहन. दुसरे म्हणत, हा जटायु. तिसरे म्हणत, पक्षी कोणताही असो, दुसऱ्या आज्ञेनें प्रतिमा मना केली असतां मेजावर चित्र हवेंच कशाला?

त्या भगिनीस विचारलें तेव्हां ती म्हणाली कीं, तरुणपणीं भरतकाम शिकत असतां एका जुन्या नमुन्यांच्या वहींतून तिनें हा पक्षी कागदावर उतरून ठेविला होता. शिकविणाऱ्या बाईंनीं त्यास फिनिक्स म्हणतात व तो मरून पुन्हां उठतो, इतकेंच सांगितलें होतें. गेल्या पावसाळ्यांत तिचा कर्ता मुलगा वारला. तेव्हांपासून तो कागद तिच्या मनांतून जाईना. आम्हीं घाईघाईनें उत्तर दिलें कीं, बाई, असा पक्षी जगांत नाहीं, ती केवळ एक खूण आहे, भिण्याचें कारण नाहीं. ती थोडा वेळ गप्प राहिली व मग म्हणाली, "पाळकसाहेब, पक्षीच नाही, तर मग खूण कशाची? माझ्या लेकाचं उठणं बी असंच का?"

आम्हीं जें उत्तर दिलें होतें तें तिन्ही वडिलांची समजूत घालण्यापुरतें होतें, तिच्यासाठीं नव्हतें. हें आम्हांस परतीच्या वाटेवर घोडनदीचा पूल ओलांडतांना कळलें. घरीं येऊन पुस्तकें पुन्हां उघडलीं. हा पाठ त्यांतून निघाला आहे, आणि ज्या सुवार्तिकांस अशाच प्रश्नास तोंड द्यावें लागतें त्यांच्या उपयोगी पडावा म्हणून येथें देत आहों.

प्रथम पक्ष्याविषयीं. ख्रिस्तपूर्व पांचव्या शतकांत हेरोदोत नांवाचा ग्रीक इतिहासकार मिसर देशाचें वर्णन करतांना सांगतो कीं, फिनिक्स हा पक्षी आपण चित्रांतच पाहिला. त्याचीं पिसें कांहीं सोनेरी व कांहीं तांबडीं, आणि आकार बहुतांशीं गरुडासारखा. (तेव्हां आमचे पहिले वडील अगदींच चुकले होते असें नाहीं.) मिसरांतील सूर्यनगराचे लोक म्हणत कीं, हा पक्षी पांचशें वर्षांनीं एकदां अरबस्थानांतून येतो व मेलेल्या बापास गंधरसाच्या गोळ्यांत घालून सूर्याच्या मंदिरांत आणतो. ही गोष्ट आपणांस खरी वाटत नाहीं, असेंही हेरोदोतानें लिहून ठेविलें आहे. रोमी इतिहासकार टॅसिटस यानें इ. स. ३४ सालीं मिसरांत हा पक्षी दिसल्याची वदंता नोंदली आहे, पण तिच्यांत पुष्कळ अतिशयोक्ति मिसळली आहे हें तोही सांगतो. म्हणजे मूर्तिपूजक पंडितांनासुद्धां या पक्ष्याविषयीं शंका होतीच.

पुढें ख्रिस्ती लोकांत पशुपक्ष्यांच्या गोष्टींचें एक ग्रीक पुस्तक फार प्रसिद्ध झालें. त्याचें नांव फिजिओलोगस. त्यांत मात्र फिनिक्स अरबस्थानचा नसून हिंदुस्थानचा आहे! पांचशें वर्षें झालीं म्हणजे तो लबानोनाच्या देवदारांकडे जातो, पंखांत सुगंधी द्रव्यें भरतो, सूर्यनगरांतील वेदीवर स्वतःस जाळून घेतो. दुसऱ्या दिवशीं राखेंत एक किडा दिसतो, मग त्याचें पिल्लूं होतें, आणि तिसऱ्या दिवशीं पूर्ण वाढलेला पक्षी उडून आपल्या ठिकाणीं परत जातो. हा तिसरा दिवस कोठून आला हें वाचकांस सांगावयास नको. दूरदेशच्या लोकांस हिंदुस्थान हें सर्व नवलांचें माहेर वाटे. आम्ही मात्र हिंदुस्थानांतच राहतों, आणि घोड व भीमा या नद्यांच्या कांठीं असा पक्षी पाहिल्याचें कोणी सांगितलें नाहीं.

पक्षी नाहीं, पण त्याचें नांव मात्र आपल्या शिवारांत आहे. ग्रीक भाषेंत 'फॉइनिक्स' या एका शब्दाचे अनेक अर्थ होतात : तो पक्षी, तांबडा-जांभळा रंग, आणि खजुरीचें झाड. आपल्या ओढ्याकांठीं जी शिंदी उगवते, जिच्या पानांचे फडे करून आपण आंगण झाडतों, ती खजुरीचीच बहीण. आणि वनस्पतिशास्त्रज्ञांनीं त्या दोघींच्या कुळास जें नांव दिलें तें फिनिक्स हेंच. (शिंदी म्हटल्याबरोबर कोणास दुसरेंच कांहीं आठवत असेल तर त्याविषयीं वेगळा पाठ लिहावा लागेल.) तसेंच १९८० सालीं उजनीचें धरण पुरें झाल्यावर भीमेचें पाणी मागें पसरलें, आणि दौंडाहून सोलापूरच्या वाटेवर भिगवणपाशीं हिंवाळ्यांत रोहित पक्ष्यांचे थवे उतरूं लागले. त्या गुलाबी पंखांच्या पक्ष्याचें शास्त्रीय नांवही याच शब्दावरून पडलें आहे. अर्थ तांबड्या पंखांचा. दौंडच्या बंधुभगिनींस अग्निपक्षी कोणत्या रंगाचा कल्पिला होता हें पाहावयाचें असेल तर त्यांनीं रोहित उडतांना पाहावा.

या एका शब्दानें एका मोठ्या विद्वानासही फसविलें. ९२ व्या स्तोत्रांत नीतिमान मनुष्यास खजुरीच्या झाडाची उपमा दिली आहे. ग्रीक भाषांतरांत तेथें 'फॉइनिक्स' असें आलें. आणि आफ्रिकेंतील तर्तुलियन यानें त्याचा अर्थ पक्षी असा घेऊन पुनरुत्थानाचा पुरावा म्हणून तें वचन पुढें केलें. मूळ इब्री शब्द झाडाचाच आहे. चूक मोठी, पण तिची आठवण चित्रांतही राहिली : रोम शहरांत कोस्मा व दामियान यांच्या नांवाच्या प्रार्थनामंदिरांत सहाव्या शतकांतील रंगीत खड्यांच्या चित्रांत फिनिक्स बसला आहे तो खजुरीच्या झाडावर. ईयोबाच्या २९ व्या अध्यायांतील १८ व्या वचनासंबंधीं असाच वाद आहे. तेथें वाळूचा उल्लेख आहे असें बहुतेक भाषांतरें मानतात, तर कित्येक यहूदी पंडितांनीं तो या पक्ष्याचा मानिला. त्यांची एक दंतकथा फार गोड आहे. हव्वेनें निषिद्ध फळ सर्व पशुपक्ष्यांस खावयास दिलें. एका पक्ष्यानें तेवढें तें घेतलें नाहीं. म्हणून तो हजार वर्षें जगतो व पुन्हां नवा होतो.

आतां मुख्य गोष्ट. रोम येथील मंडळीचा पुढारी क्लेमेंट यानें इ. स. ९६ च्या सुमारास करिंथ येथील मंडळीस एक पत्र लिहिलें. त्यांत पुनरुत्थानाविषयीं बोलतांना तो आधीं दिवस व रात्र यांचा दाखला देतो, मग पेरलेल्या बियांचा, आणि त्यानंतर फिनिक्स पक्ष्याची गोष्ट सविस्तर सांगतो. त्याच्या पत्रांत अग्नि नाहीं, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे : पक्षी सुगंधी द्रव्यांच्या घरट्यांत मरतो, त्याच्या कुजणाऱ्या मांसांतून किडा निघतो, त्यास पंख फुटतात, आणि तो आपल्या पूर्वजाच्या अस्थि घेऊन सूर्यनगरास जातो. ज्वाळा मागाहून आल्या. क्लेमेंट हा पक्षी खरा मानीत होता यांत आम्हांस शंका वाटत नाहीं; त्याच्या काळीं पुष्कळ शहाणे लोक मानीत होते. त्याची भक्ति आम्हांस मान्य आहे, परंतु येथें त्यानें दाखल्यास पुराव्याच्या जागीं बसविलें असें आमचें मत आहे. ज्या दिवशीं पक्षी खोटा ठरतो त्या दिवशीं असा पुरावा ऐकणाऱ्याच्या पायांखालची जमीन काढून घेतो. आणि त्या आमच्या भगिनीचें नेमकें तेंच झालें होतें.

पण याच करिंथकरांस सुमारें चाळीस वर्षांपूर्वीं दुसरें एक पत्र गेलें होतें, तें पौलाचें. पहिल्या पत्राचा १५ वा अध्याय उघडून पाहावा. पौलही फिनिक्साच्या काळांतलाच, शिकलेला, तार्सासारख्या ग्रीक विद्येच्या शहरांत जन्मलेला. ही गोष्ट त्याच्या कानांवर आली नसेल असें वाटत नाहीं. तरी तो तिचा उच्चार करीत नाहीं. तो प्रथम साक्षी उभे करतो : केफा, बारा जण, मग पांचशेंहून अधिक बंधु, ज्यांतले बहुतेक तेव्हां हयात होते आणि ज्यांस कोणीही जाऊन विचारूं शकला असता. एवढें झाल्यावर तो दाखल्याकडे वळतो, आणि दाखला घेतो तो पेरलेल्या दाण्याचा. पांचशें वर्षांनीं एकदां येणाऱ्या पक्ष्याचा नव्हे, तर दरवर्षीं प्रत्येक शेतकऱ्याच्या मुठींतून जाणाऱ्या वस्तूचा. आपल्याकडे पाभरीच्या चाड्यांतून शाळूचा दाणा पडतो तेव्हां तो कोणी कणसासकट पडलेला पाहिला आहे काय? पडतो तो उघडा दाणा. उगवतें तें ताट, पान, कणीस. पौलाचें म्हणणें असें कीं, देह जो पेरला जातो व देह जो उठतो यांत नातें आहे, पण रूप एक नाहीं.

तेव्हां त्या भगिनीच्या प्रश्नास उत्तर असें कीं, तिच्या मुलाचें उठणें पक्ष्यावर टांगलेलें नाहीं. तें एका मनुष्यावर टांगलेलें आहे, ज्यास पेत्रानें ओळखलें, ज्यास थोमानें हात लावून पाहण्याची अट घातली, आणि ज्यानें समुद्रकिनाऱ्यावर विस्तव पेटवून शिष्यांस भाकर व मासळी दिली. पक्षी त्या गोष्टीचा आधार नव्हे. ती गोष्ट खरी म्हणूनच पूर्वीच्या ख्रिस्ती लोकांस एका खोट्या पक्ष्यांतही तिची आठवण होऊं लागली. पाणकोळ्याचेंही तसेंच. पाणकोळी आपल्या छातीचें रक्त पिल्लांस पाजून त्यांस जिवंत करतो अशी जुनी समजूत होती. तिच्याविषयीं लिहितांना ऑगस्टीन स्पष्ट सांगतो कीं, हें खरें असेल वा नसेल, पण खरें असल्यास ख्रिस्तास किती शोभतें हें पाहा. आम्हांस ही रीत क्लेमेंटाच्या रीतीपेक्षां अधिक पसंत आहे.

सुवार्तिकांनीं आणखी एका ठिकाणीं सावध असावें. फिनिक्स एकदां मरून उठला म्हणजे संपत नाहीं. पांचशें वर्षांनीं पुन्हां मरतो, पुन्हां उठतो, आणि हें चक्र चालूच राहतें. आपल्या गांवांत ज्यांच्या कानांवर लहानपणापासून चौऱ्यायशीं लक्ष योनींचा फेरा आहे ते हा पक्षी पाहून पुनर्जन्माचें चित्र म्हणतील, आणि त्यांत त्यांचा दोष नाहीं. रोमकरांस पत्राच्या ६ व्या अध्यायांत पौल सांगतो कीं, मेलेल्यांतून उठलेला ख्रिस्त पुन्हां मरत नाहीं. पुनरुत्थान म्हणजे फेऱ्याचें आणखी एक वळण नव्हे. दुसरें असें कीं, फिनिक्स जगतो तो एकटाच. त्याच्या उठण्यानें दुसऱ्या चिमणीचेंही कांहीं भलें होत नाहीं. ख्रिस्तास मात्र प्रथमफळ म्हटलें आहे, आणि पहिलें कणीस पिकलें म्हणजे सगळें शेत मागोमाग येतें. अग्निपक्ष्याचें चित्र जेथें लंगडें पडतें तें हें. चित्र दाखवितांना हेंही सांगितलें पाहिजे. नाहीं तर न दाखविलेलें बरें.

दुसऱ्या आज्ञेचा प्रश्न राहिला. निर्गमाच्या २० व्या अध्यायांत जो देव प्रतिमेस मनाई करतो तोच २६ व्या अध्यायांत निवासमंडपाच्या पडद्यावर करूब काढावयास सांगतो. करूब कोणत्या कारागिरानें पाहिले होते? त्या पडद्यावरचे पंखही कोणा मानवानें रोज पाहिलेल्या प्राण्याचे नव्हते. याजकाच्या झग्याच्या घेरावर निळ्या, जांभळ्या व किरमिजी सुताचीं डाळिंबें होतीं. म्हणजे मनाई आहे ती पायां पडण्यास. पितळी सापाची हकीकत याहून बोलकी आहे : देवाच्या आज्ञेनें मोशानें तो केला, पुष्कळ पिढ्या तो राहिला, आणि लोक त्यापुढें धूप जाळूं लागले तेव्हां हिज्कीया राजानें त्याचे तुकडे केले. आम्हीं त्या मंडळीस सांगितलें कीं, कापड खुशाल घाला; पण ज्या दिवशीं कोणी त्या पक्ष्यास हात जोडील किंवा त्यापुढें उदबत्ती लावील, त्या दिवशीं तें काढून पेटींत ठेवा. गरुड म्हणणाऱ्या वडिलांस हें पटलें. तिसरे वडील अजून नाखूष आहेत, आणि त्यांचें मन दुखवून कापड घालूं नये असें आमचें मत आहे.

भरतकाम हें बायकांचें फावल्या वेळचें काम म्हणून आपण पुरुष त्याकडे दुर्लक्ष करतों. पवित्र शास्त्र तसें करीत नाहीं. बसालेल व अहलियाब यांस देवानें आपल्या आत्म्यानें ज्या कामांसाठीं भरलें त्यांत कशिद्याचें कामही सांगितलें आहे. निवासमंडपाच्या दारावरील पडद्याच्या कामासाठीं इब्री भाषेंत जो शब्द आहे त्याचा धातु 'राकम'. रंगीबेरंगी सुतानें कापड नटविणें असा त्याचा अर्थ. कोणी तें सुईचें काम समजतात, कोणी रंगीत विणकाम. तोच धातु १३९ व्या स्तोत्राच्या १५ व्या वचनांत येतो, आणि तेथें कापड नाहीं, मनुष्याचा देह आहे. गुप्त ठिकाणीं मातेच्या उदरांत माझा देह घडत होता, असें सांगतांना स्तोत्रकर्ता कशिदाकाराचा शब्द वापरतो. भाषांतरांत बहुधा घडविणें अशा अर्थाचा शब्द पडतो, म्हणून वाचकाचें लक्ष जात नाहीं. आम्ही त्या भगिनीस हें वचन वाचून दाखविलें तेव्हां तिनें आपल्या हातांतल्या सुईकडे पाहिलें. ज्यानें तिच्या मुलाचा देह शिरेशिरेनें भरला त्यास तो नमुना ठाऊक आहे, इतकेंच आम्ही बोललों.

आणि यापो येथील दुर्कस विसरूं नये. प्रेषितांचीं कृत्यें, ९ वा अध्याय. ती मरण पावली तेव्हां विधवांनीं पेत्रापुढें तिचें चांगुलपण शब्दांनीं वर्णिलें नाहीं. तिनें शिवलेले अंगरखे व वस्त्रें रडत रडत दाखविलीं. पेत्रानें नांव घेऊन जिला मेलेल्यांतून उठविलें ती सुईचें काम करणारी बाई होती.

आपल्या या भागांत सुई व शास्त्र यांची भेट फार पूर्वींच झाली आहे. पंडिता रमाबाईंनीं १८८९ सालीं मुंबईस शारदा सदन काढलें, पुढच्या वर्षीं तें पुण्यास आणलें, आणि १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतून आणलेल्या अनाथ मुलींना दौंड तालुक्यांतील केडगांव येथें आसरा दिला. तेथें मुक्ति मिशनांत मुलींना वाचन-लेखनाबरोबर शिवण, भरतकाम, विणकाम व छापखान्याचें काम शिकविलें जाई. त्याच आवारांत रमाबाई इब्री व ग्रीक मुळांवरून शास्त्राचें मराठी भाषांतर करीत होत्या. १९२२ सालच्या ५ एप्रिलला त्यांचें निधन झालें, आणि तें शास्त्र १९२४ सालीं प्रसिद्ध झालें. एका खोलींत 'राकम' धातूचा अर्थ शोधला जावा आणि दुसऱ्या खोलींत तो सुईनें केला जावा, असें स्थळ हिंदुस्थानांत दुसरें असेल तर आम्हांस ठाऊक नाहीं. दुष्काळांतून उचलून आणलेल्या ज्या मुलींच्या बोटांत जीव राहिला नव्हता त्यांचीं बोटें तेथें पुन्हां चालूं लागलीं.

विलायतेंतील एक उदाहरणही सांगण्यासारखें आहे. स्कॉटलंडची राणी मेरी १५६८ पासून सुमारें एकोणीस वर्षें इंग्लंडांत कैदेंत होती आणि तिचा बराच वेळ भरतकामांत जाई. फिनिक्स हें तिच्या आईचें चिन्ह होतें. शेवट हाच आरंभ अशा अर्थाचें ब्रीद त्याबरोबर असे. मेरीनें कैदेंत भरलेल्या चित्रांत हा पक्षी आहे. १५८७ सालीं तिचा शिरच्छेद झाला. तिच्या पंथाशीं व राजकारणाशीं आपणांस कर्तव्य नाहीं. पण बंद खोलींत बसून आईच्या आठवणीचा पक्षी भरणारी ती स्त्री आणि शिरूरच्या रानांत मुलाच्या आठवणीनें तोच पक्षी भरणारी आमची भगिनी यांच्यामध्यें चार शतकांचें अंतर आम्हांस वाटलें नाहीं.

कोणी विचारील, परका पक्षी कशाला, आपला मोर काय वाईट? प्रश्न योग्य आहे. शिरूर तालुक्यांतच मोराची चिंचोली आहे, जेथें मोर आंगणांत दाणे टिपावयास येतात. प्राचीन ख्रिस्ती लोकही मोरास अमरत्वाची खूण समजत. त्याचें मांस कुजत नाहीं अशी समजूत होती, आणि ऑगस्टीन लिहितो कीं, आपण कार्थेज येथें शिजविलेल्या मोराचा तुकडा ठेवून पाहिला आणि वर्षानंतरही तो फक्त थोडा वाळला व आकसला होता. त्या प्रयोगाविषयीं आम्ही कांहीं बोलत नाहीं. वाचकांनीं तो करूं नये, कारण मोर मारणें हा कायद्यानें गुन्हा आहे. पण चिंचोलीच्या मुलांस ठाऊक असलेली गोष्ट अधिक चांगली आहे : पाऊस सरत आला म्हणजे मोराचा पिसारा गळून पडतो, तो बोडका हिंडतो, आणि पुढच्या पावसाआधीं पिसारा पुन्हां येतो. हें खोटें नाहीं, रोज डोळ्यांपुढचें आहे. मोराशीं सरस्वती व कार्तिकेय यांचीं नांवें जोडलेलीं आहेत हें खरें. परंतु तेवढ्यासाठीं पक्षी टाकावयाचा तर शास्त्रांतून गरुडही काढावा लागेल. नवें कापड भरावयास घेणाऱ्या भगिनींस आमची शिफारस मोराचीच आहे. ज्यांनीं फिनिक्स आधींच भरावयास घेतला आहे त्यांनीं तो उसवूं नये.

भरणाऱ्यांसाठीं थोडें. प्रभूच्या मेजाचें कापड वारंवार धुतलें जातें, यास्तव मांजरपाट किंवा दोसुती घेतल्यास भरण्याआधीं एकदां धुवून आटवून घ्यावें; नाहीं तर पहिल्या धुण्यांत कापड आटतें व पक्षी सुरकुततो. चित्र वरच्या सपाट भागावर काढूं नये. तेथें पात्रें डगमगतात, डाग पडतात, आणि मंडळीस दिसतही नाहीं. आमच्या भगिनीनें तें पुढच्या लोंबत्या भागावर घेतलें हें शहाणपणाचें. नमुना उतरविण्यास खाका सोपा : पातळ कागदावरील रेघांवर सुईनें बारीक भोकें पाडावीं, कागद कापडावर ठेवून रॉकेलांत कालविलेली नीळ बोळ्यानें फिरवावी. तांबडा दोरा पक्क्या रंगाचा आहे कीं नाहीं हें आधीं पाहावें. दोऱ्याचा तुकडा भिजवून पांढऱ्या चिंधींत दाबावा. डाग उठला तर तो दोरा परत करावा. एका मंडळीचें सबंध कापड पहिल्याच धुण्यांत गुलाबी झालेलें आम्हीं पाहिलें आहे. तें पुढें कोणी मेजावर घातलें नाहीं आणि बाईंच्या सहा महिन्यांच्या कामाविषयीं कोणी बोललेंही नाहीं.

पंखाचा मधला दांडा दांडी टाक्यानें घ्यावा, पिसें माशाच्या काट्याच्या टाक्यानें दोन्ही बाजूंनीं भरावीं. लडीच्या सहा तारांपैकीं दोनच घेतल्या तर पीस हलकें दिसतें. ज्वाळांस लांब-आखूड टाका, बुडाशीं पिवळा, मग नारिंगी, टोंकांस तांबडा, आणि एका रंगाचे टांके दुसऱ्यांत शिरलेले. भरीव टाका फार लांब घेऊं नये, तो बांगडींत अडकतो. मागें गांठी मारूं नयेत. दोऱ्याचें टोंक टाक्यांखालून ओवून घ्यावें, म्हणजे इस्त्री नीट बसते.

दोन आठवड्यांनीं आम्ही त्या गांवीं पुन्हां गेलों आणि वर लिहिलेलें बहुतेक सर्व त्या भगिनीपुढें व वडिलांपुढें बोललों. ती मध्येंमध्यें मान हालवीत होती. शेवटीं तिनें एकच विचारलें, ज्वारीचं कणीस कोणत्या टाक्यानं भरावं? आम्हांस तें ठाऊक नव्हतें. आमच्या पत्नीनें गांठीचा टाका सुचविला, एका दाण्यास एक गांठ. गरुड म्हणणाऱ्या वडिलांनीं दुसऱ्या दिवशीं आपल्या शेतांतलें एक पिकलेलें कणीस नमुन्यासाठीं तिच्या घरीं पोंचतें केलें. सणास कापड मेजावर आलें नाहीं. सुवार्तिकबंधूंचा निरोप आहे कीं, ज्वाळांच्या खालीं, जेथें पूर्वीं कांहींच नव्हतें तेथें, कणीस निम्मेंअधिक भरून झालें आहे, आणि ती दाणे मोजून भरते.